बारावीचे फिजिक्स, पुस्तक मिटून

बारावीच्या फिजिक्सच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेल्या सूचना बहुतेक मुले परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचतात. त्या दोन महिने आधी वाचल्या पाहिजेत, कारण अभ्यास कसा करायचा याचे उत्तर बरेचसे त्यांतच आहे. लेखी पेपर ७० गुणांचा, प्रॅक्टिकल ३० गुणांचे. पेपरचे चार विभाग. पहिल्यात १० बहुपर्यायी आणि ८ एकेका गुणाचे प्रश्न, सगळे सक्तीचे. दुसऱ्यात दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तिसऱ्यात तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि चौथ्यात चार गुणांच्या ५ पैकी ३. कॅल्क्युलेटरला मनाई, लॉग टेबल चालते. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचे, एकच लिहिले तर गुण नाही. आणि पहिला प्रयत्न तेवढाच धरला जाणार. म्हणजे परीक्षा मागते ती गोष्ट स्पष्ट आहे: कोऱ्या कागदावर, आठवणीतून, हाताने आकडेमोड करत, सोळा प्रकरणे उलटसुलट क्रमाने मांडलेली असताना लिहून दाखवा. आता जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यातल्या घराघरांत आणि अभ्यासिकांत काय चालते ते बघा. नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या जातात, ओळी रंगवल्या जातात, सोडवलेली न्यूमरिकल्स मोबाइलवर पाहिली जातात, डेरिव्हेशन पुस्तकात बघून वहीत उतरवले जाते. यातली एकही गोष्ट परीक्षेत करायची नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की प्रीलिम झाल्यापासून फिजिक्सला दिलेला निम्म्याहून जास्त वेळ पुस्तक मिटून, पेन हातात घेऊन आणि प्रकरणे मिसळून गेला पाहिजे.

हे केवळ शिस्तीचे आवाहन नाही, त्यामागे पुरावा आहे. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक उतारे अभ्यासायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो सुरुवातीला वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्क्यांना ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारल्यावर वाचणाऱ्या गटालाच स्वतःबद्दल जास्त खात्री होती. रात्री अकरा वाजता ‘झालं माझं इलेक्ट्रोस्टॅटिक्स’ असे वाटते ना, ती हीच खात्री. पान ओळखीचे झालेले असते. ओळखीचे होणे आणि स्वतःहून मांडता येणे यांतले अंतर पुस्तक उघडे असेपर्यंत कळतच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तो म्हणजे, बोर्डाच्या परीक्षेत डेरिव्हेशन पुस्तकातले जसेच्या तसे येते, मग पाठ करणे हाच सरळ मार्ग नाही का? डेरिव्हेशन पुस्तकातलेच येते, हे खरे. पण ओळीमागून ओळ पाठ केलेले डेरिव्हेशन मधली एक ओळ निसटली की तिथेच थांबते. जे सांध्यांसकट लक्षात असते ते निसटलेली ओळ पुन्हा उभी करू शकते. बालभारतीच्या पुस्तकातले तिसऱ्या प्रकरणातले वायूच्या दाबाचे डेरिव्हेशन घ्या. पानभर दिसते, पण त्याला सांधे चारच आहेत. घनाकृती पेटीत एक रेणू समोरच्या भिंतीवर आपटून तेवढ्याच वेगाने उलटा फिरतो, म्हणून संवेगातला बदल वस्तुमान गुणिले वेगाच्या दुप्पट. त्याच भिंतीवर पुन्हा आपटायला त्याला पलीकडे जाऊन परत यावे लागते, म्हणून अंतर बाजूच्या दुप्पट. दोन्हीकडचे दोन एकमेकांना छेदतात आणि बल मिळते. त्याला भिंतीच्या क्षेत्रफळाने भागले की दाब. शेवटचा सांधा सर्वांत सुंदर: रेणूंना उजवे-डावे, वर-खाली, मागे-पुढे असा काहीच पक्षपात नाही, म्हणून एका दिशेतल्या वेगाच्या वर्गाची सरासरी ही एकूण वेगाच्या वर्गाच्या सरासरीचा एक तृतीयांश. पाठ करणारे मूल येण्या-जाण्याच्या अंतराऐवजी एकच बाजू लिहिते, उत्तर दुप्पट येते आणि शेवटी पुस्तकातले सूत्र आठवून ते तिथे जबरदस्तीने बसवते. तपासणाऱ्याला ते लगेच दिसते. ज्याला रेणूचे ते जाणे-येणे डोळ्यांसमोर दिसले आहे त्याच्याकडून ही चूक होणार नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा. प्रकरण एकदा नीट वाचा, आकृत्यांसकट. मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आकृतीपासून सुरुवात करून डेरिव्हेशन लिहा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका. दोन-तीन मिनिटे अडकूनच बसा, आकृती पुन्हा काढा, आपण काय शोधतोय ते एका वाक्यात लिहा. त्यानंतर पुस्तक उघडा आणि जिथे अडलात ती जागा वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करा. कागदावर तारीख टाका. पुढच्या खेपेला, म्हणजे तीन-चार दिवसांनी, पुन्हा कोरा कागद. दुसऱ्या कागदावरचा रंग पहिल्यापेक्षा कमी दिसला पाहिजे. दिसला नाही तर ते डेरिव्हेशन अजून समजलेले नाही, विसरलेले नव्हे, आणि मग शिक्षकांकडे घेऊन जायचे ते नेमके त्या रंगीत जागेचे कोडे. ‘सर, हे प्रकरण समजत नाही’ या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. ‘इथे क्षेत्रफळाने का भागले?’ या प्रश्नाला कॉलेजातला कोणताही प्राध्यापक पाच मिनिटांत उत्तर देईल.

प्रकरणे मिसळण्याचे काय? ‘आज रोटेशनल डायनॅमिक्स, उद्या फ्लुइड्स’ असे वेळापत्रक भिंतीवर छान दिसते, आणि पहिल्या वाचनासाठी ते योग्यही आहे. पण उजळणीत तेच वेळापत्रक घातक ठरते. एकाच प्रकरणाची दहा न्यूमरिकल्स सलग सोडवताना कोणते सूत्र लावायचे हा प्रश्नच उरत नाही. ते पानाच्या मथळ्यावर लिहिलेले असते. परीक्षेत मात्र अर्धी लढाई तिथेच असते. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली हे गणितावर तपासले. वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढण्याचा सराव एका गटाने प्रकारवार केला, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर, मिसळणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी घेतल्यावर प्रकारवार गट २० टक्क्यांवर आला, मिसळणारा ६३ वर होता. भौतिकशास्त्रात याचे कारण १९८१ सालीच ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांच्या कामातून दिसले होते. नवशिके विद्यार्थी गणितांचे गट करताना दिसणाऱ्या वस्तू बघतात: हे उतरणीचे, हे स्प्रिंगचे, हे कप्पीचे. तज्ज्ञ तत्त्व बघतात: इथे ऊर्जा अक्षय्य राहते, इथे न्यूटनचा दुसरा नियम लागतो. नवशिक्याला तज्ज्ञाकडे नेणारा सराव म्हणजे गणित सोडवण्याआधी ‘इथे काय अक्षय्य आहे, काय बदलते आहे’ हे लिहिणे. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. सोळा प्रकरणांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि रोज आठ-दहा काढा. कधी कधी चिठ्ठीवरचे गणित पूर्ण न सोडवता फक्त तत्त्व, आकृती आणि पहिले समीकरण एवढेच लिहून पुढे जा. तासाभरात वीस प्रश्नांचा निर्णय घेण्याचा सराव होतो.

‘भरपूर न्यूमरिकल्स सोडवली की फिजिक्स आपोआप येते’ हाही एक पक्का समज आहे, आणि क्लासचे जाडजूड संच त्यावरच उभे आहेत. दक्षिण कोरियातल्या किम आणि पाक यांनी २००२ साली अशा विद्यार्थ्यांना तपासले ज्यांनी प्रवेशपरीक्षेसाठी कोणी सुमारे ३००, तर कोणी जवळजवळ ३,००० गणिते सोडवली होती. बल आणि गती यांविषयीचे मूलभूत गैरसमज त्यांच्यात शिल्लक होतेच, आणि सोडवलेल्या गणितांच्या संख्येशी त्यांचा फारसा संबंध दिसला नाही. गणिते कमी करा असा याचा अर्थ नाही. ज्या गणिताने काही शिकवले नाही ते मोजू नका, एवढा अर्थ नक्की आहे.

आणि गणित सोडवायचे म्हणजे शेवटच्या आकड्यापर्यंत. ‘सूत्र टाकलं, पुढे नुसती आकडेमोड आहे’ असे म्हणून सोडून देण्याची सवय फेब्रुवारीत महागात पडते, कारण ती आकडेमोड कॅल्क्युलेटरविना करायची असते. एक साधे उदाहरण बघा. एसी सर्किट्समध्ये ५० मिलिहेन्री आणि ८ मायक्रोफॅरड दिले आहेत, रेझोनन्सची वारंवारिता काढा. दोन्हींचा गुणाकार ४ गुणिले १० चा उणे ७ वा घात. आता वर्गमूळ. इथे घाईत २ गुणिले १० चा उणे ३ किंवा उणे ४ वा घात लिहिला जातो आणि दोन्ही चूक आहेत, कारण विषम घाताचे वर्गमूळ असे निघत नाही. आधी ४० गुणिले १० चा उणे ८ वा घात करून घ्यायचे, मग ६.३२५ गुणिले १० चा उणे ४ वा घात मिळतो. लॉग टेबलने करायचे तर ४ चा लॉग ०.६०२१, म्हणून बार सात पॉइंट ६०२१. याला दोनने भागताना बार सातचे अर्धे साडेतीन होत नाहीत. बार आठ अधिक १.६०२१ असे मांडायचे आणि मग बार चार पॉइंट ८०१० येते. पुढे दोन पायने गुणून व्यस्त घेतला की उत्तर सुमारे २५२ हर्ट्झ. ‘बार’ चुकला तर २५ येते, आणि २५ हर्ट्झ हे उत्तरही दिसायला काही वावगे दिसत नाही. म्हणून ही चूक मुलांना स्वतःहून सापडत नाही. हात बसलेला असावा लागतो. रोजच्या न्यूमरिकल्सपैकी निदान दोन लॉग टेबल उघडून, एककासकट, शेवटपर्यंत करा. सूत्र, किमती भरणे, आकडेमोड आणि एकक असे टप्पे वेगळे दिसू द्या. उत्तर चुकले तरी बरोबर टप्प्यांचे गुण मिळायला जागा राहते.

एक-दोन गुणांच्या ‘कारणे द्या’ छापाच्या प्रश्नांकडे मुले दुर्लक्ष करतात, आणि तिथेच फिजिक्सची खरी गोडी आहे. वेव्ह ऑप्टिक्समध्ये दुर्बिणीची विभेदनक्षमता शिकताना तरंगलांबी वर आणि व्यास खाली असलेले एक सूत्र येते. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावला जा, तिथून जवळच खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीला तेच सूत्र लावा: ०.२१ ला ४५ ने भागून १.२२ ने गुणले की सुमारे ०.००५७ रेडियन, म्हणजे अंशाचा एक तृतीयांश. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो. एवढी अवाढव्य थाळी असूनही ती एकटी चंद्राच्या निम्म्याहून मोठ्या तुकड्याचाही तपशील वेगळा काढू शकत नाही! म्हणूनच या अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरून एकत्र वापरल्या जातात. हे एकदा स्वतःच्या हाताने मोजले, की रेडिओ दुर्बिणी एवढ्या मोठ्या का असतात हा प्रश्न पाठ करावा लागत नाही. मराठी माध्यमातून दहावी होऊन आलेल्या मुलांनी अशी कारणे आधी स्वतःशी मराठीत मोठ्याने सांगावीत आणि मग इंग्रजीत चार छोटी वाक्ये लिहावीत. विचार कोणत्याही भाषेत होऊ दे, पण लिहिण्याचा सराव पेपरच्याच भाषेत झाला पाहिजे, आणि तो लांबलचक वाक्यांचा नसावा.

प्रॅक्टिकलचा अभ्यास वेगळा समजू नका. सोनोमीटर, रेझोनन्स ट्यूब, मीटर ब्रिज, केशनलिकेने पृष्ठताण, झेनर डायोड हे सगळे लेखी पेपरच्या प्रकरणांतूनच आलेले आहे. जर्नल दुसऱ्याचे बघून उतरवले तर एक्स्टर्नलसमोरही अडचण आणि लेखीतही.

आता ‘ऑप्शनला टाकण्याचा’ मुद्दा. पेपरमध्ये पर्यायांसह एकूण ९८ गुणांचे प्रश्न असतात, लिहायचे ७० चे. मग तीन-चार प्रकरणे सोडली तर काय बिघडले, असा हिशेब मांडला जातो. हिशेब वरवर बरोबर आहे. पण बोर्डाने गुणांची विभागणी अशी केली आहे की कोणत्याही एका प्रकरणाला साधारण ४ किंवा ५ गुण, पर्याय धरून ५ ते ७. सोडायला सोपे असे छोटे प्रकरण नाही आणि सगळे तारून नेईल असे मोठेही नाही. पहिल्या विभागातल्या १८ गुणांना तर पर्यायच नाही, आणि ते प्रश्न कुठूनही येतात. शिवाय पर्यायाचा खरा उपयोग वेगळा आहे: येणाऱ्या प्रश्नांतला जास्त चांगला येणारा निवडता यावा. प्रकरण सोडलेल्या मुलाने ही निवड घरीच वापरून टाकलेली असते. पेपरमध्ये त्याच्यासाठी उरलेला प्रश्न सक्तीचा होतो. अगदीच वेळ नसेल तर प्रकरण सोडण्यापेक्षा त्यातली लांब डेरिव्हेशन्स सोडा. व्याख्या, सूत्रे, आलेख आणि एकेक सरळ न्यूमरिकल प्रत्येक प्रकरणाचे तयार हवे.

सर्वांत जोरदार आक्षेप सीईटीचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सीओईपीसारख्या ठिकाणी इंजिनीअरिंगला प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर मिळतो. बारावीत खुल्या गटाला ४५ टक्के असले की पात्रता झाली. मग बोर्डासाठी एवढी मेहनत कशाला? पहिले उत्तर व्यावहारिक आहे. वाट एकच नसते. नीटसाठी खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत मिळून ५० टक्के लागतात, जेईईतून एनआयटीत जायला बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, पाषाणच्या आयसरला प्रवेशपरीक्षेबरोबर बारावीच्या गुणांची अट आहेच. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. सीईटीत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. तिथे डेरिव्हेशन लिहायचे नसते, पण कोणते तत्त्व लागते हे काही सेकंदांत ओळखायचे असते, आणि सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्याच अभ्यासक्रमावर असतात. चिठ्ठ्यांचा डबा आणि मिटलेले पुस्तक यांनी जे कमावले ते तिथे थेट उपयोगी पडते. फेब्रुवारीसाठी घोकलेले मात्र एप्रिलपर्यंत टिकत नाही, आणि मग दोन परीक्षांची तयारी खरोखरच दोनदा करावी लागते.

क्लासची टेस्ट सिरीज आहे, तेवढे पुरेसे नाही का? पेपर लिहिण्याची सवय लागायला ती उत्तम आहे. पण टेस्टमधून शिकणे होते ते पेपर परत मिळाल्यावर. गुण बघून पेपर दप्तरात गेला तर तीन तास वाया गेले. चुकलेला प्रत्येक प्रश्न न बघता पुन्हा लिहून, मग त्याची चिठ्ठी करून डब्यात टाकली तर तीच टेस्ट दोनदा कामाला येते. वेळेचा अंदाजही टेस्टमध्येच घ्या: १८० मिनिटांतली २० तपासणीला ठेवली तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे मिळतात, चार गुणांच्या प्रश्नाला नऊ. अलीकडे बोर्ड शेवटी १० मिनिटे वाढवून देते. ती हिशेबात धरूच नका.

ज्याचे प्रकरण मुळात वाचूनच झालेले नाही त्याला पुस्तक मिटून काहीच आठवणार नाही, हे उघड आहे. अशा विद्यार्थ्याने आधी वाचावे, पण पूर्ण प्रकरण संपायची वाट बघू नये. दोन पाने वाचून पाच ओळी न बघता लिहिणे हेही याच पद्धतीत बसते. सुरुवातीला कागद बराचसा कोरा राहतो आणि मन खट्टू होते. रोडिगर-कार्पिकींच्या प्रयोगातही पाच मिनिटांनंतर न बघता लिहिणारा गटच मागे होता, हे तेव्हा आठवावे.

पालकांनाही यात काम आहे, आणि त्यासाठी फिजिक्स यावे लागत नाही. ‘किती वाचून झालं?’ हा प्रश्न मुलाला पाने उलटायला लावतो. त्याऐवजी रात्री जेवणानंतर पाठ्यपुस्तक तुमच्या हातात घ्या, डब्यातली एक चिठ्ठी काढा आणि मुलाला किंवा मुलीला त्यावरचे कोऱ्या कागदावर लिहून, तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगायला सांगा. पुस्तकातल्या आकृतीशी कागदावरची आकृती जुळते का, एकक लिहिले आहे का, एवढे तुम्हाला नक्की बघता येते. मध्ये थांबले तर उत्तर वाचून दाखवू नका, दोन मिनिटे वाट बघा. तरीही नाहीच आले, तर चिठ्ठी डब्यात परत टाका आणि त्यांना झोपू द्या. सकाळी तीच पहिली काढायची.